डब्यातला पाला

माझ्या दम्याची चौकशी कुणी केली, की मी आधी त्या माणसाचं तोंड बघते. खरंच ऐकायचं आहे, की दोन सुस्कारे टाकून मोकळं व्हायचं आहे? बहुतेकांना दुसरंच हवं असतं. म्हणून मी 'आहे आपला जुना सोबती' म्हणते आणि चहाचं विचारते. पण पहिल्या खेपेला मी दोन जिवांची असताना त्या दम्याचं काय झालं, आणि कुणी केलं, हे एकदा सांगून टाकायचं आहे. ज्यांनी केलं ती दोन्ही माणसं आता नाहीत. असती तरी मी सांगितलंच असतं.

माझं माहेर तळेगावजवळच्या उर्स्याच्या बाजूचं. थोडी भाताची जमीन, एक म्हैस आणि आम्ही दोघी मायलेकी. वडील मी रांगत असतानाच गेले. दमा मला कळत्या वयापासून. पावसाळा आला की छातीत शिट्ट्या वाजायला लागायच्या, आणि आई मला उराशी टेकवून घेऊन बसायची. औषध म्हणजे मागच्या उकिरड्यावरचा धोतरा. एरवी पाला उन्हात वाळवायचा, पण पावसात ऊन कुठलं? मग ती पानं तव्यावर भाजायची, निखाऱ्यावर टाकायची, आणि माझ्या डोक्यावर लुगड्याचा पदर धरून म्हणायची, "वढ. आत वढ." तो उग्र, कडवट धूर आत गेला की थोड्या वेळानं छाती सैल व्हायची. धोतरा किती वाईट, तो खाल्ला की माणूस कसं बरळतं, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून धूर घेऊन झाला की आई माझे हात दोनदा धुवायची.

अशा मुलीचं लग्न जमवायचं म्हणजे कठीण. आईनं युक्ती केली. बघायला येणाऱ्यांना तिनं चैत्रात बोलावलं. चैत्रात माझा दमा असा काही गायब होतो की मला स्वतःलाही आठवत नाही. मी पाण्याची घागर डोक्यावर घेऊन पाहुण्यांसमोरून ताठ चालत गेले. वैशाखात लग्न लागलं आणि ज्येष्ठात पाऊस लागला.

सासर लोणावळ्याचं. हे रेल्वेच्या इंजिन शेडमध्ये फिटर होते, आणि घरात त्यांची आई. तिला मी आत्याबाई म्हणायची. घाटात विजेची इंजिनं यायच्या आधीची ही गोष्ट. आमच्या चाळीवर दिवसभर कोळशाचा धूर आणि त्यावर चार महिने पाऊस. त्या पहिल्याच पावसाळ्यात माझं बिंग फुटलं. भाकरी थापता थापता मी परातीवर ओणवी झाले आणि श्वास सापडेना.

आत्याबाईंनी घर डोक्यावर घेतलं. "फसवलं आमाला! फुटकं मडकं गळ्यात बांधलं!" माहेरी पोचतं करायची भाषा सुरू झाली. हे कामावरून आले, हातपाय धुतले, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तिनं न्हाई फसवलं. तिच्या आईनं फसवलं." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "पन हितनं फुडं आपल्या दोगांत लपवाछपवी नको. एवढं संभाळ."

मी ते सांभाळलं. मला वाटलं, दोघंही सांभाळतोय.

त्या माणसानं माझ्यासाठी काय केलं हेही सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. चुलीचा धूर मला सोसत नाही म्हणून त्यांनी शेडमधला भंगाराचा पत्रा मागून आणला आणि चुलीवर नळकांडं बसवून धूर थेट छपराबाहेर काढला. सगळ्या चाळीत तसं धुराडं कुणाच्या घरात नव्हतं. बायका बघायला यायच्या. उताणं झोपलं की मला त्रास व्हायचा, म्हणून त्यांनी टेकून निजायला लाकडी पाट तिरका करून दिला. आणि मला डॉक्टरांकडं नेलं.

हे डॉक्टर खंडाळ्याच्या बंगलेवाल्यांना बघायचे आणि सकाळी लोणावळ्याच्या बाजारात दवाखाना उघडायचे. माणूस तुसडा, पण तपासणं नीट. त्यांनी मला पुण्याहून मागवलेली दम्याची पूड दिली. पत्र्याच्या डब्यात यायची. चमचाभर पूड बशीत घ्यायची, काडी लावायची. ती पेटायची नाही, तडतडत धुमसायची, आणि तो धूर ओढायचा. पहिल्याच झुरक्याला मी ओळखलं. "हा तर धोतरा," मी म्हणाले. डॉक्टर पहिल्यांदा हसले. "आहेच धोतरा. पण मापात. आणि सोबत सोरा, धुमसत राहायला."

मुलाबाळाचा विषय यांनीच काढला. डॉक्टर म्हणाले, "घाई करू नका. आधी हिचा एक पावसाळा नीट जाऊ दे. अंगावर थोडं मांस येऊ दे. दमा ताब्यात असला तर मूल होण्यात काही अडचण नाही, पण तो ताब्यात आधी हवा. दिवस राहिल्यावर धावपळ करून काही होत नाही."

म्हणून आम्ही थांबलो. लिहायला सोपं आहे. लग्न होऊन पाळणा हलला नाही की बाईला काय काय ऐकावं लागतं, ते मी सांगत बसत नाही. आत्याबाईंनी देव पालथे घातले, नवस बोलल्या, आणि एके दिवशी मला धारेवर धरलं. तेव्हा हे जेवता जेवता म्हणाले, "तिला काय बोलू नगंस. माजंच औषध चालू हाय." खोटं होतं. पण त्या काळी कुठला पुरुष आपल्या आईसमोर हे तोंडातून काढेल? आत्याबाईंचा हात भाकरीवर तसाच राहिला. मी त्या दिवशी मनात म्हटलं, हा माणूस उद्या विहिरीत उडी मार म्हणाला तर मी 'का' असंही विचारणार नाही.

पुढचा पावसाळा बरा गेला. मी भरले. मग आम्ही पुन्हा डॉक्टरांकडं गेलो आणि यांनी स्वतःच्या तोंडानं विचारलं, मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं, "डॉक्टरसाहेब, पोटात पोर असताना ही पूड चालंल का? धोतरा म्हंजे इखार."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "ही श्वास घेईल तर पोर श्वास घेईल. पोराला दुसरं नाक नाही. पूड लागेल तेव्हाच घ्यायची, उगाच नाही. पण दम लागला आणि घेतली नाही, तर दोघांचंही नुकसान. आपल्या मनानं बंद करायची नाही. समजलं?"

"समजलं," हे म्हणाले. मीही म्हणाले. येताना यांनी मला पानाचा द्रोण भरून बोरं घेऊन दिली आणि आम्ही दोघं खात खात घरी आलो.

त्याच हिवाळ्यात दिवस राहिले. सुरुवातीचे महिने नीट गेले. दम लागायचा, मी पूड ओढायची, सुटायचा. आषाढात सातवा लागला तेव्हा आत्याबाईंनी ओटभरण केलं आणि आई लोणावळ्याला आली. हिरवं लुगडं, खण, नारळ, करंज्यांची टोपली, सगळं रीतसर. त्या पहिल्या पावसाळ्यापासून यांचं आणि आईचं धड बोलणं नव्हतं. फसवल्याची अढी होती. त्या दुपारी मात्र मी पाहिलं, तर दोघं व्हरांड्यात बाजूला उभी होती. आई हळू आवाजात काहीतरी सांगत होती आणि हे मान खाली घालून ऐकत होते. मला इतकं बरं वाटलं! माझ्या पोटातल्या जिवानं माझी दोन्ही माणसं जवळ आणली असं वाटलं. मी मूर्खासारखी डोळे पुसत आत गेले.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. शिवाय लोणावळ्यापेक्षा तिकडं पाऊस कमी, म्हणून डॉक्टरांचीही हरकत नव्हती. आई मला घेऊन गेली. दर सुट्टीच्या दिवशी हे तळेगावापर्यंत गाडीनं यायचे, पुढं चालत. पुडीचा डबा त्यांच्याकडूनच यायचा.

माहेरी आल्यापासून मात्र माझं बिघडलं. दम लागायचा, मी पूड पेटवायची, वास तोच, तडतडही तीच, पण छाती सुटायची नाही. मी आणखी एक चमचा घ्यायची. नुसता खोकला यायचा. ओठ निळे पडायचे. आधी वाटलं पोटाचा भार आहे. मग वाटलं हवा बदलली. आणि मग एक दिवस सरळ कळून चुकलं, की औषध आता मला लागू पडत नाही. लहानपणापासून ज्या धुरानं मला तारलं तोच आता उपयोगाचा नाही, म्हणजे संपलं. पोटातलं पोर ढुशी मारायचं आणि मला वाटायचं ते श्वास मागतंय, आणि माझ्याकडं द्यायला नाही.

आई शेजारी बसायची. पाठ चोळायची. रडायची. पण म्हणायची काय? "सोस बाई. दोन म्हैन्याचा तर परश्न हाय."

पुढच्या सुट्टीला हे आले तेव्हा मी त्यांना जवळ बसवलं. धड वाक्य पुरं होत नव्हतं. मी म्हणाले, "औषध लागू पडंना झालंय. मी काय ऱ्हात न्हाई." ते म्हणाले, "असं बोलू नगंस." मी म्हणाले, "ऐका तर. पोर वाचलं तर तुमी दुसरी करा. मला राग न्हाई. पन पोराला दमा निघाला तर त्या बाईला आधीच सांगा. लपवू नगा." आणि माझी हिरवी चोळी कुणाला द्यायची, म्हशीचं दूध पोराला कसं पाणी घालून द्यायचं, असलं काहीबाही मी सांगत राहिले. त्यांनी माझे दोन्ही हात हातात धरले होते. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मी त्यांचे डोळे पुसले. मी पुसले!

जाताना म्हणाले, "डॉक्टरास्नी सांगतो. जास्त जोराची पूड घिऊन येतो." आणि पुढच्या खेपेला खरंच नवा डबा आणला. "ही लय जोराची हाय म्हनले डॉक्टर," त्यांनी सांगितलं. मी डबा छातीशी धरला. तीन दिवस तो पुरवून पुरवून वापरला. काही फरक पडला नाही, तेव्हा मी आशा सोडली.

लावणीचे दिवस होते. आई सकाळीच खाचरात गेली होती. मी एकटीच घरात होते आणि झटका आला, आजवर कधी आला नव्हता असा. बशीत पूड पेटवली, पदर डोक्यावर घेतला, ओढली. काही नाही. डोळ्यांपुढं अंधारी आली. हाक मारायला आवाज नव्हता. मी रांगत मागच्या दारी आले. पाऊस पडत होता. समोर उकिरडा आणि उकिरड्यावर धोतरा, हा एवढा माजलेला. का गेले ते सांगता येत नाही. पूड लागू पडत नाही तिथं पाला काय लागू पडणार? पण लहानपणी जे आईनं केलं तेच हातांनी केलं. चिखलात बसून पानं ओरबाडली, तशीच रांगत आत आले, तवा चुलीवर ठेवला, पानं भाजली, चुरली, निखाऱ्यावर टाकली आणि तोंड खुपसलं.

छाती सुटली.

हळूहळू, जशी लहानपणी सुटायची तशी. मी भिंतीला टेकून बसले आणि पोटभर श्वास घेतला. पोटात पोर फिरलं. आनंदानं रडावं अशी वेळ होती. पण मी रडले नाही, कारण डोकंही मोकळं झालं होतं. धोतरा मला लागू पडतो. अजून पडतो. मग डब्यात जे आहे ते धोतरा नाही.

मी सूप घेतलं आणि डबा त्यात पालथा केला. मधे मधे काळपट हिरवे, बारीक कण. ते खरे होते. त्यांचाच वास, त्यांचीच तडतड. बाकीचं सगळं फिकट आणि भरड. बोटांनी चोळलं, जिभेवर ठेवलं. अडुळसा. कडू, खोकल्याच्या काढ्यात घालतात तो. नुसता नाही, नीट वाळवून, कुटून, चाळून, त्यात चिमूटभर खरी पूड कालवलेली. वास राहावा म्हणून.

माझ्या मनात पहिलं नाव आत्याबाईंचं आलं. दुसरं कुणाचं येणार? 'फसवलं' म्हणणारी तीच, धोतऱ्याच्या नावानं नाक मुरडणारी तीच. मी त्या सुपासमोर बसून सासूला जेवढ्या शिव्या येतात तेवढ्या घातल्या. दुपारी आई खाचरातून आली. मी सूप पुढं केलं. म्हणाले, "हे बघ. आत्याबाईंनी माझा जीव घ्यायचा घाट घातला व्हता."

आई पायाचा चिखल धुवत राहिली. चिखल निघाला तरी धुवत राहिली. तिच्या मागं परसाचं कुंपण दिसत होतं. आमचं कुंपण अडुळशाचं. आणि ते एका बाजूनं नुकतंच छाटलेलं होतं. लोणावळ्याच्या रेल्वे चाळीत अडुळशाचं एक पानसुद्धा नाही.

"आई," मी म्हणाले, "हा पाला आपल्या कुंपनाचा हाय."

"इहीनबाईला बोल लावू नगंस," ती म्हणाली. "तिला ठावंबी न्हाई. मी दिला पाला. जावईबापूंनी डब्यात भरला."

मला पहिल्यांदा वाक्याचा अर्थच लागेना. मी म्हणाले, "तू मला हाच धूर पाजून वाढवलंस ना?"

"म्हनूनच. तुजी कळ मी काढलीय. रातरात उराशी घिऊन बसलेय मी. तसलं दुसरं लेकरू नको व्हतं मला. इखाराच्या धुरात वाढलेलं खुळं निपजलं असतं तर?"

"आनि मी मेले असते तर?"

"तू न्हाई मरत," आई म्हणाली. अगदी शांतपणे, समजूत घालावी तशी. "तुला दम्याची सवय हाय."

ह्या वाक्याला मी आजवर उत्तर शोधते आहे. आई दुष्ट नव्हती. ती माझ्यावर माया करत नव्हती असंही म्हणता येत नाही. पण ओटभरणाच्या आधीच कधीतरी तिनं मनात दोन जीव शेजारी ठेवले आणि नवा उचलला. मी म्हणजे वापरून झालेली. मला तिचा राग आला म्हणणं कमीच आहे. मला तिच्या घरातलं पाणी प्यावंसं वाटेना.

यांना यायला दोन दिवस होते. ते दोन दिवस मी धोतऱ्यावर काढले. स्वतः तोडला, स्वतः भाजला, आईला तव्याला हात लावू दिला नाही. हे आले, ओसरीवर छत्री टेकवली आणि मला सरळ बसलेली बघून त्यांचा चेहरा खुलला. "बरं वाटतंय व्हय? बघ, जोराची पूड लागू पडली!"

मी सूप दाखवलं.

त्यांचा चेहरा कसा झाला ते वर्णन करायची मला हौस नाही. मग म्हणाले, "पोरासाठी केलं."

"डॉक्टरांनी काय सांगितलं व्हतं? तुमीच इचारलंत. माझ्या देखत."

"डॉक्टर परका मानूस. पन तुजी सख्खी आई सांगायला लागली, धोतऱ्यानं पोर खुळं निपजतं म्हून. माज्या आयनं सांगितलं असतं, तर मी कान दिला नसता. पन सख्खी आई लेकीचं वाईट करंल व्हय? मी म्हनलं, तिला तर सगळ्यात जास्त ठावं."

हे मात्र खरं होतं, आणि म्हणूनच भयंकर होतं. ज्या बाईनं त्यांना फसवलं म्हणून दोन वर्षं धड बोलले नाहीत, तिच्याच शब्दावर त्यांनी मला फसवलं.

"मला का न्हाई सांगितलंत?"

"तू ऐकली नसतीस."

"मी मरते म्हनून सांगत व्हते तेव्हा? तुमी माझे हात धरून बसला व्हतात. पोराला दूध कसं द्यायचं ते मी सांगत व्हते, आनि तुमी रडत व्हतात. तेव्हा तरी?"

त्यांनी मान खाली घातली. "दोन म्हैन्याचाच परश्न व्हता," ते म्हणाले. आईचेच शब्द. दोघांनी मिळून पाठ केल्यासारखे.

आणि तो जोराचा डबा? तो डॉक्टरांकडून आलाच नव्हता. डॉक्टरांकडं हे ओटभरणानंतर फिरकलेच नव्हते. जुनाच डबा घासूनपुसून, वर नवा कागद चिकटवून आणला होता. माणूस फिटर. करायचं ते बेमालूम करणार. ज्या हातांनी मला धुराडं करून दिलं त्याच हातांनी हेही केलं, तितक्याच मन लावून. पूड बदलली हे मी एखादवेळी गिळलं असतं. भीती कुणाला वाटत नाही? पण माझ्या मरणाच्या निरवानिरवीत मला एकटी सोडून ते शेजारी बसले होते, ते मला गिळता आलं नाही.

मी उठले आणि बोचकं बांधलं. पहिलटकरीण सातव्यानंतर माहेराहून परत जाते, असं गावात कुणी ऐकलं नव्हतं. आई दारात आडवी आली. मला वाटलं आता तरी म्हणेल, चुकले. ती म्हणाली, "लोक मला काय म्हनतील?"

बैलगाडीनं तळेगाव, तिथून गाडीनं लोणावळा. हे माझ्या समोरच्या बाकावर बसले होते. माझ्या मांडीवर फडक्यात बांधलेला भाजका पाला होता आणि मी त्यावर दोन्ही हात ठेवले होते. त्यांनी एकदा बोचकं घ्यायला हात पुढं केला. मी दिलं नाही.

आत्याबाईंना मी उंबऱ्यातच सगळं सांगितलं. त्यांनी लेकाकडं पाहिलं, डोक्यावर इरलं घेतलं आणि भर पावसात स्वतः दवाखान्यात गेल्या. परत येऊन कोरा डबा माझ्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाल्या, "मी तोंडानं वंगाळ हाये. पन कुनाचा श्वास काढून घेतला न्हाई." जन्मभर मला टोचून बोलल्या त्या, पुढंही बोलल्या. पण त्या दिवसापासून मी त्यांना उलटून बोलले नाही.

बाळंतपण लोणावळ्यातच झालं. सुईण खोली बंद करून शेगडी आणि धुरी करायला निघाली होती. डॉक्टरांनी तिला झापलं आणि खिडकी उघडी ठेवायला लावली. कळांच्या मधे मी पूड ओढली. मुलगी झाली. रडली ती अशी की शेडपर्यंत ऐकू गेलं असेल. डोकं ठिकाणावर, हातपाय धड, छाती स्वच्छ.

बारशाला आई बाळंतविडा घेऊन आली. नातीला मांडीवर घेतलं, बोटं मोजली, डोळ्यांत पाहिलं आणि यांच्याकडं बघून म्हणाली, "हाय का न्हाई धड? आपुन केलं त्याचं चीज झालं." आणि हे, मी सांगते, हे हसले. किती हलकं हसले! मग मला म्हणाले, "झालं ना सगळं नीट? आता तरी राग सोड."

शेवटचा सगळा काळ मी धोतऱ्याच्या धुरावर काढला होता, हे त्या दोघांनाही ठाऊक होतं. मी मुलीला घेतलं आणि कूस बदलली.

संसार आम्ही केला. आणखी दोन मुलं झाली, दोन्ही वेळा डॉक्टरांना विचारून, दमा आधी ताब्यात आणून. दोन्ही बाळंतपणं सासरीच. औषध मी स्वतः जाऊन आणायची. कधी यांनी आणलं तर ते डबा टेबलावर ठेवून बाहेर जायचे, कारण मी तो सुपात पालथा करणार, चोळणार, जिभेला लावणार, हे त्यांना माहीत होतं. ते बघायला त्यांना नको वाटायचं. माफ कर, असं ते कधी म्हणाले नाहीत. त्यांच्या मते त्यांचं चुकलं ते एवढंच, की मला कळलं.

मुलगी लग्नाला आली त्या वर्षी यांना हिवतापानं धरलं. हुडहुडी भरायची, मग अंग तव्यासारखं तापायचं. डॉक्टरांनी क्विनाइनचं पाणी दिलं होतं, विषासारखं कडू. मी पेल्यात ओतलं आणि खाटेपाशी गेले. "औषध," म्हणाले. त्यांनी पेल्याकडं पाहिलं नाही. कसलं, कुणी दिलं, विचारलं नाही. डोळे मिटलेलेच होते. तसेच ठेवून त्यांनी तोंड उघडलं.

मी पेला हातात धरून उभी राहिले. तितक्या वर्षांत मला त्यांचा इतका राग कधीच आला नव्हता. "अगं, दे की," ते म्हणाले, आणि तोंड उघडं ठेवून वाट बघत राहिले.